फ्लॉक्सला साताऱ्यात झोप का लागत नाही

इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांचे व्हिडिओ बघणाऱ्यांना कधी ना कधी एका फुलाची भूल पडतेच. कमरेएवढी उंच रोपं, प्रत्येक दांड्याच्या टोकाला गुलाबी, पांढऱ्या किंवा जांभळ्या फुलांचा भरगच्च घोस, आणि खाली नाव: बारमाही फ्लॉक्स. एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलं घ्या. मग नर्सरीत चौकशी होते. नर्सरीवाला म्हणतो, ‘फ्लॉक्स ना? आहे की!’ आणि बोटभर रोपांचा ट्रे पुढे करतो. ती रोपं जानेवारीत वीतभर उंचीवरच फुलतात, अगदी छान फुलतात, आणि एप्रिलमध्ये वाळून जातात. पुढच्या वर्षी त्या जागी गवताशिवाय काही येत नाही. आपल्याला फसवलं असं वाटतं, पण तसं नसतं. त्यानं दिलेला फ्लॉक्स खराच असतो, फक्त तो व्हिडिओतला नसतो.

फ्लॉक्स हे एका झाडाचं नाव नव्हे. साठ-सत्तर जातींचं ते मोठं खटलं आहे, आणि सायबेरियातली एखादी जात सोडली तर सगळं उत्तर अमेरिकेतलं. आपल्याकडे मिळतो तो ‘फ्लॉक्स ड्रमोंडी’, मूळचा टेक्सासचा. थॉमस ड्रमंड हा स्कॉटिश वनस्पतीसंग्राहक १८३० च्या दशकात तिथं हिंडत होता. त्यानं पाठवलेलं बी १८३५ मध्ये ब्रिटनला पोचलं आणि त्याच वर्षी तो क्युबात वारला. विल्यम हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या फुलाला त्याचं नाव दिलं. हा फ्लॉक्स हंगामी आहे. उन्हाळा सरला की उगवतो, सौम्य हिवाळा लहानशा रोपाच्या रूपात काढतो, मग फुलतो आणि पुढचा उन्हाळा तापायच्या आत बी टाकून मरतो. हे वेळापत्रक आपल्या रब्बीशी जुळतं, म्हणून तो आपल्याकडे सुखानं राहतो.

व्हिडिओतला तो ‘फ्लॉक्स पॅनिक्युलाटा’. अमेरिकेच्या पूर्व भागातला, नदीकाठच्या ओलसर सुपीक मातीतला, झाडीच्या कडेला वाढणारा. उंची दोन ते चार फूट, फुलं जुलै ते सप्टेंबर. थंडी पडली की जमिनीवरचं सगळं वाळतं. जमिनीखाली मुळं आणि बुंध्यावरचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, तेवढे जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. अशाच रोपांचे लांबच्या लांब ताटवे करायची पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. गर्ट्रूड जेकिल (१८४३-१९३२) यांनी तर गोल आळ्यांऐवजी लांबट, एकात एक मिसळणाऱ्या पट्ट्यांत रोपं लावून रंगांची चढण-उतरण साधली. त्या ताटव्यांचा उन्हाळ्यातला मोठा आधार म्हणजे हा उंच फ्लॉक्स.

तो आपल्याकडे का जमत नाही, हे एकदा कळलं की आपल्या ताटव्यात काय लावावं हेही बरंचसं उलगडतं. म्हणून आधी थोडं शास्त्र.

थंडी मोजणारे डोळे

बर्फाळ प्रदेशातल्या झाडापुढे एक अवघड प्रश्न असतो. जानेवारीत मध्येच चार दिवस ऊबदार आले तर काय करायचं? वसंत आला असं समजून फुटलं, तर पाचव्या दिवशीच्या हिमात कोवळे कोंब जळून जाणार. म्हणून अशा झाडांनी नुसत्या उबेवर विश्वास ठेवायचं सोडलं आहे. डोळे आधी ठरावीक काळ थंडी खातात, तीसुद्धा साधारण सात अंशांच्या खालची आणि अनेक आठवडे. तेवढी थंडी मिळेपर्यंत डोळ्यातली रासायनिक कुलपं उघडत नाहीत. ती उघडली की मगच ऊब लागली असता झाड जोमानं फुटतं.

आता साताऱ्याचा हिवाळा बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बारा-चौदा अंशांवर येतो, एखाद्या रात्री दहाच्या आसपास. शेकोट्या पेटतात, कानटोप्या निघतात. दुपारी मात्र २८-३० अंश. सांगलीतही फार वेगळं चित्र नसतं. उंच फ्लॉक्सची शिफारस केली जाते ती अशा भागांसाठी, जिथं हिवाळ्यात पारा उणे सातच्याही खाली जातो. आपली थंडी त्याला थंडीच वाटत नाही.

मग आपल्याकडे लावलेल्या रोपाचं होतं काय? ते लगेच मरत नाही, आणि त्यामुळेच आशा लागून राहते. ते धड झोपत नाही, धड जागंही होत नाही. रात्री उबदार असल्या की झाडाचा श्वास जोरात चालतो आणि दिवसा पानांनी कमावलेली साखर रात्रीत खर्च होते. मुळांत साठा करायला उरतच नाही. दुसऱ्या वर्षी फुटवे बारीक येतात. सांगलीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्यात अर्धा जीव जातो, आणि उरलेला जुलैच्या कोमट चिखलात बुंधा सडून.

हे गणित सांगली-तासगावच्या द्राक्षबागायतदाराला वेगळं शिकवावं लागत नाही. द्राक्षवेलही मूळची थंडीत झोपणारी. युरोपात ती हिवाळ्यात पानं गाळते, बागायतदार वर्षातून एकदा छाटतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काड्या तयार व्हाव्यात म्हणून; ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, घड निघावेत म्हणून. शिवाय फळछाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे न मिळालेल्या थंडीचं काम रसायनाकडून करून घ्यायचं आणि डोळे एकसारखे फोडायचे. एवढा खटाटोप द्राक्षासाठी परवडतो, कारण त्यामागे एकरी उत्पन्न उभं असतं. चार फुलांसाठी हे विषारी रसायन घरात आणायचा विचारही करू नका.

डोंगरावर स्ट्रॉबेरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्ट्रॉबेरी हे खरं तर बारमाही रोप. महाबळेश्वर-पाचगणीत मात्र ते हंगामी पिकासारखंच घेतात: पावसाळा ओसरताना लावायचं, उन्हाळ्यापर्यंत फळं काढायची, मग वाफा मोडायचा. रोप बारमाही आहे की हंगामी, हे पाकिटावरच्या शब्दावर ठरत नाही. तुमच्या गावच्या हवेवर ठरतं.

दिवसाची लांबी

थंडीचा प्रश्न कसाबसा सोडवला तरी पुढे दुसरा असतो. उंच फ्लॉक्स हे लांब दिवसाचं झाड आहे. कळी धरायला त्याला मोठा दिवस लागतो. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. साताऱ्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आतच, आणि तेव्हा नेमके आकाशात ढग.

आपल्या शेवंतीचं याच्या उलट आहे. ती लहान दिवसाची. गणपतीनंतर दिवस पुरेसा आखडतो तशी ती कळ्या धरते आणि दसरा-दिवाळीपासून बहरते. म्हणून पॉलिहाऊसमध्ये शेवंतीला उशिरा फुलवायचं असेल तर मध्यरात्री दिवे लावून रात्र तोडतात. जत-आटपाडीकडच्या ड्रॅगनफ्रूटच्या बागांत रात्री दिवे दिसतात ते याच तत्त्वावर, फक्त उलट हेतूनं: ते लांब दिवसाचं झाड, हिवाळ्यातही त्याला फुलायला लावायचं असतं. तेव्हा हौसेला मोल नसेल तर फ्लॉक्सलाही दिवा लावता येईल. पण घरच्या ताटव्यासाठी रात्रभर बल्ब जाळणं मला तरी पटत नाही.

भुरी: इथं सांगलीकरांना फायदा आहे

परदेशातले बागकाम करणारे या फ्लॉक्सबद्दल सर्वांत जास्त कुरकुर करतात ती पानांवरच्या पांढऱ्या पिठाची. आपण तिला भुरी म्हणतो, आणि द्राक्षपट्ट्यातलं शेंबडं पोरसुद्धा तिला ओळखतं. ही कुरकुर आपल्या हंगामी फ्लॉक्सलाही लागू आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

बुरशी म्हटलं की आपण पाण्याला दोष देतो. भुरीच्या बाबतीत ते अर्धंच खरं. द्राक्षावरचा डाऊनी, ज्याला केवडा म्हणतात, त्याला पान ओलं लागतं. छाटणीनंतर पाऊस लागला की बागायतदाराची झोप उडते ती त्यामुळे. भुरीच्या बीजाणूला मात्र पानावर पाण्याचा थेंब नको असतो. थेंबात तो उलट नीट रुजत नाही. त्याला पान कोरडं आणि आजूबाजूची हवा दमट हवी. दिवसा ऊबदार, रात्री गारवा, आणि रोपांच्या दाटीत कोंडलेला ओलावा, म्हणजे आपली जानेवारी-फेब्रुवारी. ही बुरशी पानाच्या वरच पसरते आणि वरच्या पेशींत सोंडा घालून अन्न ओढते. बोटानं पुसलं तर पीठ निघतं, पण सोंडा आत राहतात.

द्राक्षावरची भुरी आणि फ्लॉक्सवरची भुरी या वेगळ्या बुरश्या आहेत. शेजारी द्राक्षबाग आहे म्हणून फ्लॉक्सवर भुरी आली, असं होत नाही. उपाय मात्र मिळतेजुळते. रोपं दाट लावू नका. पाणी बुंध्याशी द्या, सकाळी द्या. खालची पिवळी पानं काढत राहा, म्हणजे वारा खेळतो. नत्राचा मारा टाळा. युरियावर फोफावलेली लुसलुशीत पानं भुरीला फार आवडतात. तरीही पीठ दिसू लागलं तर सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळच्या वेळी. ऊन तापलेलं असताना, म्हणजे ३२-३५ अंशांच्या पुढे, गंधक मारलं तर पानं करपतात. मार्चनंतर गंधकाचा मोह सोडून रोपंच काढून टाकलेली बरी, एवीतेवी हंगाम संपतच आलेला असतो.

तिकडे उंच फ्लॉक्सच्या प्रत्येक ठोंबात वसंतात चार-पाच जोमदार दांडेच ठेवून बाकीचे खुडतात, आणि दर तीन-चार वर्षांनी ठोंब उपसून, वाटून पुन्हा लावतात. ‘डेव्हिड’ नावाचा पांढरा वाण आणि बारीक फुलांचा, फुलपाखरं खेचणारा ‘जीना’ हे भुरीला बऱ्यापैकी दाद न देणारे म्हणून नावाजलेले आहेत. एक गोष्ट मला विशेष आवडते. या फ्लॉक्सला खोडात शिरणारे सूत्रकृमी लागतात. पानं दोऱ्यासारखी बारीक आणि मुरडलेली होतात. पण हे कृमी खोडात असतात, मुळांत नसतात. म्हणून जाणकार माळी मुळाचे तुकडे लावून नवी निरोगी रोपं करतात.

कासच्या पठारानं केव्हाच सोडवलेलं कोडं

मग आपल्याकडे ‘मरून पुन्हा उगवणारा’ ताटवा होतच नाही का? होतो, आणि तो बघायला साताऱ्याहून कास पंचवीस किलोमीटरवर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांत हे पठार आहे. जांभ्या खडकावर वीतभरही माती नाही. मे महिन्यात तिथं गेलात तर करपलेलं गवत आणि तापलेला दगड. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेच पठार फुलांनी झाकलेलं असतं.

तिथंही दोन्ही प्रकारची झाडं आहेत. तेरडा, सीतेची आसवं ही हंगामी. पाऊस पडला की उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं, संपायचं. आणि चवर, कळलावी, कंदीलपुष्प, जमिनीवरच्या आमरी, डबक्यातला वायतुरा ही कंदवाली बारमाही. पाऊस गेला की वरचं सगळं वाळतं आणि कंद जमिनीत निवांत पडून राहतो. फ्लॉक्ससारखंच. फरक एवढाच, की यांना झोपवते ती थंडी नव्हे, कोरड. आणि जागं करतो तो वळवाचा पाऊस.

आपल्या बारमाही ताटव्याचं सूत्र मला यातच दिसतं. थंडीत झोपणारी झाडं शोधायची नाहीत, कोरडीत झोपणारी किंवा अजिबात न झोपणारी शोधायची. याचा अर्थ कासची झाडं उपटून आणा असा मुळीच नाही. ती तिथून हलवणं गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. जांभ्यावरचं रोप बागेच्या मातीत टिकत नाही. त्यांची पद्धत तेवढी उचलायची.

मागच्या बाजूला कर्दळ आणि सोनटक्का. सोनटक्का गणपतीच्या सुमारास फुलू लागला की संध्याकाळी अंगणात दुसऱ्या अत्तराची गरज उरत नाही. त्यांच्या पुढे निशिगंध, गुलबक्षी, शेवंती. शेवंतीचा बहर ओसरला की दांडे जमिनीलगत कापायचे आणि बुंध्याशी येणाऱ्या काश्या जून-जुलैत वेगळ्या करून लावायच्या; आपल्या मातीतलं हे अस्सल बारमाही फूल, आणि आपण ते फक्त बाजारातून वेणीत बघतो. फ्लॉक्सचा घोसच हवा असेल तर पेंटास लावा. पाच पाकळ्यांच्या चांदण्यांचे तसेच गुच्छ, वर्षातला बहुतेक काळ, आणि फुलपाखरं तुटून पडतात. सदाफुलीला आपण फार स्वस्त समजतो. लांबून बघितलं तर फ्लॉक्सशी तिच्याइतकं साम्य दुसऱ्या कुठल्याही बारमाही फुलाचं नसेल. कडेला पावसाळी लिली.

जमिनीबद्दल थोडक्यात. कृष्णाकाठची काळी भारी माती पाणी धरून ठेवते आणि वर्षानुवर्षं उसाला पाट सोडलेली असेल तर खारवटही झालेली असते. तिथं फूटभर उंचीचा गादीवाफा केल्याशिवाय काही लावू नका. माण, खटाव, आटपाडीकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती हलकी. तिथं शेणखत भरपूर आणि वर आच्छादन. उसाचं पाचट जाळण्यापेक्षा या कामाला फार चांगलं.

आणि फ्लॉक्स?

फ्लॉक्सची जागा या ताटव्यातल्या हिवाळी पोकळीत आहे. नोव्हेंबरपासून सोनटक्क्याचे फुललेले दांडे काढल्यावर, पावसाळी लिली बसल्यावर पुढच्या बाजूला जी मोकळी माती दिसते, ती हंगामी फ्लॉक्सनं भरायची. कळलावीसारखे कंद मात्र त्याच वाफ्यात नकोत. त्यांना विश्रांतीत कोरडी माती लागते, फ्लॉक्सच्या पाण्यानं ते कुजतील. शिवाय कळलावीचा कंद विषारी, पोराबाळांच्या घरात तो नसलेलाच बरा.

बी घटस्थापनेच्या सुमारास, परतीचा पाऊस उघडीप देऊ लागला की पेरा. ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर, तीन-चार मिलिमीटर मातीखाली. या बियाला रुजताना अंधार लागतो, त्यामुळे नुसतं वर भुरभुरवू नका. दहा-पंधरा दिवसांत उगवतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात माती सतत ओली राहिली तर कोवळी रोपं बुंध्यात कुजून कोलमडतात, तेव्हा पाणी झारीनं आणि बेतानं. चार-पाच पानं झाली की, साधारण दिवाळीच्या आसपास, वाफ्यात हलवा. मुळं दुखावलेली त्याला सोसत नाहीत, म्हणून मातीच्या हुंडीसकट. दोन रोपांत वीतभर अंतर. रोप चार बोटांचं झालं की शेंडा खुडा, बाजूनं फुटवे येतात. जागा भर उन्हाची.

संक्रांतीपर्यंत ताटवा भरतो. वाळलेले घोस कापत गेलं तर फुलं पाडव्यापर्यंत ओढता येतात. बी धरायचं असेल तर थोडे घोस राखा, पण बोंडं पूर्ण वाळायची वाट बघू नका. ती तडकून बी लांब फेकतात. पिवळसर झाली की तोडून कागदी पिशवीत. संकरित पाकिटाचं बी पुढच्या वर्षी तेच रंग देईल याची खात्री नसते, मिसळीचे रंग आवडत असतील तर हरकत नाही.

महाबळेश्वरकर इथं विचारतील, आमच्याकडे तर वेण्णा लेकला दवबिंदू गोठतात, पेपरात फोटो येतात. आमच्याकडे उंच फ्लॉक्स का नको? गवतावर हिमकण दिसतात ते निरभ्र रात्री जमिनीलगतचा पारा शून्यापर्यंत उतरून दव गोठतं म्हणून, आणि तेही मोजक्या पहाटे. फ्लॉक्सला आठवडेच्या आठवडे थंडी हवी. वर साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. तरी महाराष्ट्रात कुठं करून बघायचंच असेल तर तिथं किंवा पाचगणीला. जमिनीत नको, मोठ्या कुंडीत लावा. ऑक्टोबरनंतर दांडे कापा, माती जवळजवळ कोरडी होऊ द्या, मग ठोंब धुऊन, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठ-दहा आठवडे ठेवा; ट्युलिपचे कंद हौशी लोक ठेवतात तसेच. फेब्रुवारीत पुन्हा कुंडीत लावा आणि पहिला जोराचा पाऊस लागायच्या आत कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात घ्या. आणि फ्रिजमध्ये त्याच कप्प्यात सफरचंदं ठेवू नका; त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं डोळे खराब होतात.